'ब्लॉक' म्हणजे 'ब्लॉकेज' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मागच्या रविवारी 'हार्ट ब्लॉकपासून दूर राहा' अशा मथळ्याचा मजकूर आला होता. आत सगळं कोलेस्टेरॉल, तेलतूप, रोजचं चालणं आणि सकाळी लसणाच्या पाकळ्या. शेजारी चरबीने तुंबलेल्या रक्तवाहिनीचं चित्र. सल्ला वाईट नव्हता, मथळा चुकला. त्या मजकुरात जे लिहिलंय त्याला ब्लॉकेज म्हणतात. हार्ट ब्लॉक हे निराळंच दुखणं आहे, आणि लसणाची अख्खी माळ खाल्ली तरी त्याला काही फरक पडत नाही. मी ३४ वर्षं एका जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये ईसीजी काढत होते. या एका शब्दाच्या घोटाळ्यात माझ्याच घरातले आठ महिने गेले, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण ईसीजीच्या पट्टीबद्दल, म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या रेघांच्या कागदाबद्दल, जे लिहिलंय त्याला हात लावू नका.

माझे धाकटे दीर, वय ६६. ऊस आणि थोडी हळद करतात. आषाढात विहिरीवरची मोटर चालू करायला गेले आणि स्टार्टरच्या पेटीपाशीच कोसळले. ते म्हणतात, "जरा बसलो होतो." पुतण्या म्हणतो, "काका धाडकन पडले, चेहरा आधी पांढराफटक आणि शुद्धीवर येताना लालबुंद." तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला. हल्ली मशीन पट्टीच्या डोक्यावर स्वतःच निदान छापतं. तिथं छापून आलं, 'सायनस ब्रॅडिकार्डिया', म्हणजे ठोके बिनचूक पण मंद. मिनिटाला ५०. कष्टाचं शरीर आहे, ठोके कमीच असायचे, असं सांगून चकरेच्या गोळ्या दिल्या. पुढे दिवाळीच्या आत आणखी दोनदा तेच झालं. मग कुणीतरी म्हणालं, "बघा बरं, ब्लॉक असेल." घरात ब्लॉक म्हटलं की एकच अर्थ. उसाचं बिल आलेलं होतं, पुण्याला जाऊन अँजिओग्राफी केली. रक्तवाहिन्या आरशासारख्या स्वच्छ! 'ब्लॉक नाही' म्हणून घरी पेढे वाटले, आणि चकरेचा विषय सगळ्यांनी मिटवून टाकला.

तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला होते. फोनवर मला "सगळं नॉर्मल आहे" एवढंच कळलं. मी विचारायला हवं होतं की पट्टी कुठाय, मोबाइलवर फोटो टाका. नाही विचारलं. नातवाच्या लंगोटांत माझं डोकं, आणि पेढ्यांची बातमी ऐकून मीही खूश. ३४ वर्षं आल्या-गेल्याला "जुनी पट्टी आणलीत का?" म्हणून हटकणारी बाई मी.

फाल्गुनात एका लग्नात अक्षता पडल्या आणि पाठोपाठ भाऊजी पडले. त्यांचं पुढे सांगते, आधी फरक सांगते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबणं म्हणजे ब्लॉकेज. ते प्लंबिंग. हार्ट ब्लॉक म्हणजे वायरिंगचा बिघाड. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक ठिणगी पडते, ती वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या नाक्यावर क्षणभर थबकते आणि तिथून एका जाड दोरीतून खाली उतरते. दोरीला उजवी आणि डावी अशा दोन फांद्या. नाक्याला एव्ही नोड म्हणतात आणि दोरीला हिसचं जुडगं. नाक्यावरचा थांबा मुद्दामचा आहे, वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. हा थांबा लांबला, किंवा नाक्यावर वा त्याच्या खाली ठिणगी अडायला लागली, की तो हार्ट ब्लॉक. अँजिओग्राफीत नळ्या दिसतात, वायर दिसत नाही. वायर दिसते ती पट्टीवर, तीही कुणी बघितलं तर.

दोन्हींचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. बहुतेक माणसांत या नाक्याला रक्त उजव्या रक्तवाहिनीतून येतं. ती बंद पडून हृदयाच्या तळाच्या बाजूला झटका आला की ब्लॉकही होतो, आणि बऱ्याच पेशंटचा काही दिवसांत आपोआप सुटतोही. म्हातारपणी वायरच सुकते, तिच्यात राठपणा येतो. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन या बीपीच्या-हृदयाच्या गोळ्या नाका मंद करतात, आणि दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर यातल्या दोन एकदम चालू असलेले पेशंट मी पाहिलेत. किडनी थकलेल्यांत पोटॅशियम वाढूनही ब्लॉक होतो. आणि एक खास आपल्याकडचं कारण, पिवळी कण्हेर. तिच्या बिट्ट्यांनी पोरं खेळतात. त्यातली बी पोटात गेली की डिगॉक्सिनच्या जातीचं विष भिनतं. तसं एक सात वर्षांचं पोर आमच्याकडे आलं होतं, उलट्या करत. आई म्हणत होती की शिळं खाल्लं असेल. लीड, म्हणजे ईसीजीच्या तारा, लावल्यावर प्रत्येक दुसरा ठोका गायब. ते वाचलं. आईनं घरी जाऊन कुंपणाची कण्हेर आधी तोडली.

आता पट्टी. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो. बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, पाच बारीक मिळून एक मोठा चौकोन, ०.२० सेकंद. दोन ठोक्यांच्या मध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजायचं आणि ३०० ला त्या आकड्यानं भागायचं, की मिनिटाचे ठोके मिळतात. हे भागाकाराचं गणित नियमित ठोक्यांपुरतंच. वरचे कप्पे चेतले की एक बुटकी टेकडी उमटते ती पी. खालचे चेतले की उंच सुळका, तो क्यूआरएस. मागोमाग पसरट लाट येते ती टी. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचं अंतर, म्हणजे पीआर, तीन ते पाच बारीक चौकोन असावं. हार्ट ब्लॉक ओळखायचा म्हणजे एकच प्रश्न सोडवायचा. प्रत्येक पीला उत्तर मिळतंय का, आणि किती वेळानं?

मी भजनी मंडळात टाळ वाजवते, त्यामुळे मला हे टाळ-मृदंगाच्या हिशेबानं कळलं आणि तसंच मी नव्या पोरींना शिकवलं. पी म्हणजे टाळ, क्यूआरएस म्हणजे मृदंगाची थाप. पहिल्या डिग्रीचा ब्लॉक म्हणजे टाळ वाजला की मृदंग उत्तर देतो, पण दरवेळी उशिरा. उशीर ठरलेला, उत्तर एकही चुकत नाही. पीआर अंतर पाच बारीक चौकोनांच्या पुढे. खरं तर याला ब्लॉक म्हणणं हाच जरा अन्याय आहे, काहीच अडलेलं नसतं. पुष्कळांना जन्मभर त्रास होत नाही. लहान मुलाला ताप, सांधे सुजलेले आणि वर हे लांबलेलं अंतर असलं, तर मात्र संधिवाताच्या तापाकडे लक्ष द्यावं लागतं.

दुसऱ्या डिग्रीत काही टाळांना उत्तरच मिळत नाही. त्याचे दोन प्रकार, आणि दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात मृदंगवाला पेंगतोय. थाप आधी थोडी उशिरा, मग आणखी उशिरा, मग एक थाप बुडते, तो दचकून जागा होतो आणि पुन्हा वेळेवर सुरू. पट्टीवर पीआर अंतर वाढत वाढत जातं, एक सुळका गळतो, पुढचं अंतर परत आखूड. त्यामुळे ठोके घोळक्या-घोळक्यानं दिसतात, तीन मग खंड, चार मग खंड. हे व्हेंकेबाख नावाच्या डच डॉक्टरांनी १८९९ मध्ये ओळखलं, तेही नाडीच्या आलेखावरून. दवाखान्यात वापरता येईल असं ईसीजीचं मशीन तोवर निघालंच नव्हतं. आमचे फिजिशियन सर हे सांगून म्हणायचे, "बाई, आधी मनगट धरा, मग लीड लावा." पुढे सवय झाली. मनगटावर बोटं ठेवली की घोळका आधी कळायचा, पट्टी नुसती साक्षीला.

हा प्रकार बहुधा नाक्यातच असतो आणि बहुधा निरुपद्रवी. पोलीस भरतीची तयारी करणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता, रोज पहाटे घाटात पळणारा. बाहेर कुठंतरी पट्टी काढली, त्यावर 'ब्लॉक' छापून आलं, आणि घरात रडारड. वडील मला विचारत होते, ऑपरेशनला किती लागतील. नाडी ४८, झोपवल्यावर पट्टीत व्हेंकेबाखचे घोळके. सरांना विचारून त्याला लीड काढून जिन्याच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या आणि धापा टाकत असतानाच पुन्हा पट्टी काढली. ११० चे ठोके, एकही गळालेला नाही, पीआर चार बारीक चौकोन. फार पळणाऱ्यांचा नाका निवांत असताना सैल पडतो आणि धावायला लागलं की घट्ट होतो, एवढंच. त्या मुलानं खाली उतरून वडिलांकडे बघितलं आणि आधी काय विचारलं असेल, तर "आता छाती-उंची मोजायला जाऊ का?"

दुसरा प्रकार घातकी. इथं मृदंगवाला पेंगत नाही. थाप ठरल्या वेळेला, ठरल्या वेळेला, ठरल्या वेळेला, आणि एकदम हात हवेत थांबतो. गळण्याआधी पीआर अंतर तसूभरही वाढत नाही, कसलीच चाहूल नाही. बिघाड नाक्याच्या खाली, दोरीत किंवा फांद्यांत असतो, म्हणून सुळकाही बहुतेक वेळा रुंद असतो, तीन बारीक चौकोन किंवा जास्त. मोबिट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये हे दोन प्रकार ईसीजीवरून वेगळे मांडले. त्याच वर्षी ईसीजीचे जनक आइन्थोव्हेन यांना नोबेल मिळालं. ही पट्टी दिसली की पेशंटला स्टुलावरूनही उठू द्यायचं नाही आणि निरोप पळतच द्यायचा, असा आमच्याकडे दंडक होता. असा माणूस हसत-बोलत पूर्ण ब्लॉकमध्ये जातो आणि सहसा पेसमेकर लागतो.

पूर्ण ब्लॉक म्हणजे तिसरी डिग्री. टाळकरी एका अभंगात, मृदंगवाला भलत्याच. दोघेही आपापल्या ठेक्यात चोख, एकमेकांशी देणंघेणं नाही. वरचे कप्पे आपले ८०-९० नं चाललेत, खालचे स्वतःच्या पोटातली ठिणगी काढून कसेबसे ३०-४०. ती ठिणगी नाक्याजवळची असेल तर सुळका अरुंद आणि ठोके ४० ते ६०, अगदी खालची असेल तर सुळका रुंद आणि २० ते ४०. पी लाटा कधी सुळक्याच्या पुढे, कधी मागे, कधी त्याच्या पोटात. नवखी माणसं इथं फसतात. बदलतं पीआर बघतात आणि व्हेंकेबाख म्हणून मोकळी होतात. मी एकच ओळखण सांगायची, सुळक्यांतली अंतरं बघा. व्हेंकेबाखमध्ये ती कमी-जास्त होतात, पूर्ण ब्लॉकमध्ये फूटपट्टीनं आखल्यासारखी सारखी असतात.

फांद्यांच्या ब्लॉकबद्दल थोडक्यात. मुंबईकरांना पटकन कळेल. रविवारी मेगाब्लॉक असला की जलद मार्गावरच्या गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. गाडी पोचते, उशिरा पोचते. एक फांदी बंद पडली की ठिणगी दुसऱ्या फांदीतून वळसा घालून येते, म्हणून सुळका रुंद होतो. उजवी बंद असली तर छातीच्या पहिल्या लीडला, म्हणजे त्या तारेच्या रेघेत, सशाच्या कानांसारखी दोन टोकं दिसतात. डावी बंद असली तर तिथं खोल खड्डा आणि डावीकडच्या लीडला रुंद, खाच पडलेला डोंगर. विम्याच्या तपासणीत 'इन्कम्प्लीट आरबीबीबी' छापून आलं म्हणून रात्रभर न झोपलेले किती लोक मी पाहिले असतील! उजवीचा अर्धवट ब्लॉक कित्येक ठणठणीत माणसांत असतो. डावी फांदी नव्यानं बंद दिसली तर मात्र हृदय तपासून घ्यावं.

आता भाऊजींची पट्टी. लग्नातून त्यांना थेट जिल्ह्याला नेलं, मीही सोबत. कॅज्युअल्टीत काढलेली पट्टी कुणी सांगायची गरज नव्हती. सुळक्यांमध्ये नऊ मोठे चौकोन आणि वर थोडं, म्हणजे ३२ ठोके, आणि मधून पी लाटा आपल्या मनानं चाललेल्या. पूर्ण ब्लॉक. त्यांना आत घेतलं आणि मी जावेला म्हटलं, आषाढातली पट्टी कुठाय? ती नशिबानं फायलीत होती, पार फिकी पडलेली.

बाहेरच्या बाकावर बसून मी ती गुडघ्यावर पसरली. ठोका अन् ठोका नियमित, सुळक्यापासून सुळक्यापर्यंत सहा मोठे चौकोन. मशीन म्हणालं तसे ५०. प्रत्येक सुळक्याआधी एक पी, बरोबर एक मोठा चौकोन आधी. सुळका साडेतीन बारीक चौकोन रुंद, म्हणजे एक फांदी आधीच गेलेली. ते कुणी वाचलंच नव्हतं. मग टी लाटेकडे बघितलं. टी कशी मऊ उशीसारखी असते. ही उशी मधे टोचलेली होती, उतरणीवर एक बारीकसा टेंगूळ, प्रत्येक टीवर, त्याच जागी. लग्नपत्रिका पर्समध्ये होती. तिची कड पट्टीवर धरली, लागोपाठच्या दोन दिसणाऱ्या पींच्या टोकांशी पेन्सिलीनं टिंबं दिली, आणि दोन टिंबांच्या बरोबर मध्यावर तिसरं. कड पट्टीला लावून सरकवत नेली. मधलं टिंब दरवेळी त्या टेंगळावर पडत होतं. टेंगूळ नव्हतंच ते, दुसरी पी होती, टी लाटेच्या पदराखाली लपलेली. वरचे कप्पे १०० नं चालले होते आणि त्यातला प्रत्येक दुसरा ठोका खाली पोचतच नव्हता. मशीनला वाटलं, माणूस मंद आहे. माणूस मंद नव्हता, अर्ध्यावर अडत होता.

दोनास एक असा ब्लॉक असला की तो व्हेंकेबाखचा की मोबिट्झचा दुसरा, हे त्या तुकड्यावरून ठरवता येत नाही. अंतर वाढतंय का हे बघायला लागोपाठ दोन पोचलेले ठोके तरी हवेत. पण रुंद सुळका आणि पडणारा माणूस, एवढ्यावरून कुणीही शहाण्यानं पुढं पाठवायला हवं होतं. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या तंत्रज्ञ मुलीचाही राग नाही, तिला कुणी टिंबं द्यायला शिकवलंच नसणार. हे खरं तर मशीन सोयीचं झाल्यानं झालं. मी १९८५ च्या सुमारास लागले तेव्हा मशीन एकपदरी होतं, तापलेल्या काट्यानं काळ्या रेघा ओढणारं. खटका फिरवून एकेक लीड घ्यायची, हातभर लांब पट्टी निघायची, ती कापून कार्डावर डकवायची. जेली संपली की मिठाच्या पाण्यात कापूस बुडवायचा. (आइन्थोव्हेन तर पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादलीतच बुडवून बसवायचे, तेव्हा आमचं काही कमी नव्हतं.) पण डकवताना प्रत्येक ठोका डोळ्याखालून जायचा. आता एका पानावर बारा लीड, प्रत्येकीला अडीच सेकंद. ज्याचे ठोके ३० आहेत त्याचा अडीच सेकंदांत एखादाच सुळका दिसणार. त्यावरून काय कळणार कप्पाळ? खालची लांब ओळ बघितली तरच काही पदरात पडतं, आणि तीही पुरत नसेल तर बटण दाबून आणखी फूटभर कागद काढायचा. कागद वाया जातो म्हणून तो काढू देत नाहीत अशा जागा मला ठाऊक आहेत.

उलटी फसगतही होते, तीही सांगते. पट्टीत खंड दिसला की लगेच ब्लॉक म्हणू नये. पुष्कळदा एखादी पीच वेळेआधी घाईनं आलेली असते. नाका अजून सावरलेला नसतो, म्हणून तो तिला सोडत नाही. तीही टीवर चढून बसते, पण ती टी बाकीच्या टींपेक्षा वेगळी दिसते आणि टिंबं सरकवली की चुकते. भाऊजींची सगळी टिंबं जुळत होती.

भाऊजींना आधी मानेतून तात्पुरती तार घातली, चार दिवसांनी कायमचा पेसमेकर बसवला, महात्मा फुले योजनेत बसलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरून म्हणाले, "वहिनी, मशीनवर जगायचं म्हणजे किती दिवस?" मी त्यांना स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. १९५८ साली शरीरात पेसमेकर बसवलेला हा जगातला पहिला पेशंट. ते आधी दिवसातून कितीदा बेशुद्ध पडायचे. पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. पुढे आयुष्यभरात त्यांना २६ बसवावे लागले. २००१ मध्ये वारले तेव्हा ८६ वर्षांचे होते आणि मरणाचं कारण हृदय नव्हतं. भाऊजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सव्वीस? मग आपल्याला एकात भागवायला हवं, योजना परत परत देईल का?"

तर संपादक महाराज, येत्या पुरवणीत चौकटीत दुरुस्ती छापा, एवढीच विनंती. जागा असली तर आणखी तीन गोष्टी घाला. घरच्या बीपी मशीनवर तीन आकडे येतात, लोक वरचे दोन वाचतात आणि नाडीचा तिसरा सोडून देतात. तो चाळिसाच्या खाली आणि सोबत चक्कर किंवा अंधारी, तर सकाळची वाट बघू नये. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी न्यावीत, नावं तोंडपाठ सांगायला जाऊ नये. आणि ईसीजीची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी, कारण तो कागद उष्णतेनं उमटतो आणि वर्षा-दोन वर्षांत उडतो. एका गृहस्थांनी पट्टी जपून राहावी म्हणून लॅमिनेशन करून आणली होती. मशीनच्या उष्णतेनं ती आरपार काळी. हौसेनं मला दाखवत होते.

सोबत भाऊजींच्या दोन्ही पट्ट्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, नाव आणि नंबर खोडून. छापायच्या तर छापा. आषाढातल्या पट्टीवर टींच्या खाली जी बारीक टिंबं दिसतात ती माझी आहेत, शाईचे डाग समजून पुसू नका.

आपली,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ
(नाव व गाव छापू नये, ही विनंती)